अर्धी शीळ

चेणे गावच्या इंदुबाईचा कोणावरच विश्वास नव्हता आणि ते ती लपवतही नसे. पाहुण्याला पितळेच्या तांब्यातून पाणी दिलं की तांब्या परत हातात येईपर्यंत ती समोरून हलायची नाही. कोंबडी ओरडली की आधी खुराड्यात हात घालायची आणि अंडं सापडलं नाही तर शेजारच्या शेवंतीच्या चुलीकडे नाक करून उभी राहायची. गावदेवीपुढे सगळे डोळे मिटायचे तेव्हा ही एक डोळा उघडा ठेवायची. शेवंतीनं एकदा विचारलंही, की इंदुवयनी, देवी पळून जाईल असं वाटतंय काय. इंदुबाई म्हणाली, "देवी न्हाय. चपला."

तिचं घर गावाच्या टोकाला. मागे जंगलाचा डोंगर, पुढे भाताची खाचरं. डोंगरातून उतरणारा ओहोळ तिच्या परसाला वळसा घालून घोडबंदर रस्त्याखालच्या दगडी मोरीत शिरायचा. त्या मोरीत शीळवाला राहायचा.

पुस्तकात त्याला शीळकरी कस्तुर म्हणतात, चेण्यात नुसता शीळवाला. साळुंकीपेक्षा मोठा, लांबून कोळशासारखा काळा. पण उन्हाची तिरीप पडली की कपाळावर आणि खांद्यावर गडद निळं चमकून जातं. ओहोळाच्या काठाने टणाटण उड्या मारत हिंडतो. खेकडा सापडला की चोचीत धरून दगडावर आपटतो, नांग्या तुटेपर्यंत. दगड ठरलेला. त्याच्याभोवती कवचांचा आणि गोगलगायींच्या शंखांचा चुरा पडलेला असतो. उन्हाळा चढला, पाणी आटत आलं, की तो पहाटे फटफटायच्या आधी गायला लागतो. त्याला गाणं म्हणणंही चूक. ती माणसाची शीळ. कामाला दांडी मारून रस्त्यानं रमतगमत निघालेला पोरगा घालतो तशी: एक चाल धरतो, सोडतो, वर चढतो, मध्येच काय म्हणत होतो ते विसरतो आणि दुसरंच काढतो. गावात नवीन आलेला माणूस हमखास वळून बघतो. पावसाळाभर हे चालतं, कारण त्याची पिल्लं पावसातच होतात. धो धो पाण्याच्या डोक्यावर, कपारीत नाहीतर मोरीच्या कोनाड्यात, शेवाळ आणि मुळ्या चिखलानं लिंपून घरटं. दिवाळी झाली की गप्प. मग थंडीभर नुसती एक कर्कश 'क्रीं', पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी.

मिठागरावर कामाला जाणाऱ्या घरांना हे बरं पडायचं. शीळवाला गप्प झाला की पुरुष आगरावर जायचे आणि तिथल्या झोपडीतच राहायचे. तो बोलायला लागला की शेवटचं मीठ ओढून राशी शाकारायची घाई. शीळ आणि मीठ कधी एका वेळी नसतं, असं इंदुबाई म्हणायची, आणि हे तिच्याइतकं पक्कं गावात कोणाला ठाऊक नव्हतं. तिला ते नवऱ्यापायी कळलं होतं.

नवरा नाथा. दारूबंदीचे दिवस होते, साठ सालाच्या आसपासचे. डोंगरातल्या घळीत हातभट्टी चालायची आणि नाथा तिथून रबरी ट्यूब भरून रस्त्यापर्यंत आणायचा. माल तयार झाला की घळीतून शीळ यायची, शीळवाल्याची हुबेहूब नक्कल. पावसाळाभर कोणाला संशय आला नाही. रस्त्यावर पोलीस उभे असायचे आणि त्यांच्या डोक्यावरून शीळ जायची. दिवाळी झाली तरी भट्टीवाल्यांनी खूण बदलली नाही. इंदुबाई नवऱ्याला म्हणाली, की पाखरू आता बोलत नाही, तुमीपन गप राहा. नाथा हसला. पोलिसांना काय पाखरांची जंत्री पाठ आहे काय, म्हणाला. त्या तुकडीत एक हवालदार कुठल्यातरी जंगलभागातून आलेला होता. त्यानं पौषातली शीळ ऐकली, मान वर केली आणि सरळ घळीत चढला. नाथा ठाण्याच्या तुरुंगातून खोकला घेऊन आला आणि पुढच्या वर्षी गेला.

तेव्हापासून इंदुबाईच्या घरात शीळ बंद. तेव्हा पोरसवदा असलेल्या धर्मानं, तिच्या मुलानं, एकदा ओठ चंबू केले तर तिनं उलथनं फेकून मारलं. आणि थंडीतली शीळ म्हणजे माणूस, चोरून आलेला माणूस, हे तिच्या डोक्यात खिळ्यानं ठोकल्यासारखं बसलं.

पुढची गोष्ट एकाहत्तर सालच्या पावसाळ्यापासूनची. मला ती थोडी इंदुबाईनं सांगितली, थोडी तिच्या सुनेनं, मंजुळेनं. दोघी सांगताना एकमेकींकडे बघायच्या, दुसरी काय वगळते ते पाहायला.

मंजुळा भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावची, धर्माशी लग्न होऊन दोन-अडीच वर्षं झालेली. बोलायला कमी. इंदुबाईच्या मते कमी बोलणारं माणूस काहीतरी आत ठेवून असतं. त्या श्रावणात इंदुबाईची तारोडीला दिलेली बहीण पडली, तिच्या मांडीचं हाड मोडलं आणि इंदुबाईला तिच्याकडे जाऊन राहावं लागलं. जाताना तिनं तांदळाच्या कणगीवर शेणाचा हात उमटवून ठेवला, झाकण हललं तर कळावं म्हणून. गणपती झाल्यावर परत आली. हात जसाच्या तसा होता. तरी तिला घर बदललेलं वाटलं. धर्मा उगाच हसत होता. मंजुळा भाकरी थापताना गुणगुणत होती, सासूला बघून थांबली. गोठ्याच्या माळ्यावर शिडी लावलेली होती. शिडी कशाला, इंदुबाईनं विचारलं. पेंढा, दोघं एकदम म्हणाली. एकदम म्हणाली, हेच तिला खटकलं. पण तिचे गुडघे शिडी चढण्यातले नव्हते.

दिवाळी झाली, शीळवाला गप्प झाला, धर्मा भाईंदरच्या आगरावर गेला. एरवी तो भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास भरतीला जोर नसतो तेव्हा, एका रात्रीपुरता घरी यायचा. उधाणाला खाडीचं पाणी आगरात घ्यायचं असतं, तेव्हा कोणाला सोडत नाहीत. त्या साली कार्तिकातच बांध फुटला. तो बांधून होईपर्यंत कोणालाच घरी जाता येणार नाही, असा निरोप आला. घरात दोघी उरल्या.

मार्गशीर्षात लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद, कंदिलावर टोपलं. पोलीस पाटील सांगून गेला, की अनोळखी माणूस, उजेड, खुणेचा आवाज, काहीही जाणवलं तर कळवा. सगळं गाव इंदुबाईसारखं झालं. शेवंतीला दुधवालाही हेर वाटायला लागला. इंदुबाईला बरं वाटलं. इतकी वर्षं ती एकटीच जागी होती.

आणि अशाच एका पहाटे, गारठ्यात, मोरीच्या बाजूनं शीळ आली.

इंदुबाई गोधडीत उठून बसली. मंजुळेचं अंथरूण रिकामं, हंडा-कळशी जागेवर नाही. पुन्हा शीळ. खालून वर चढणारी, मग दोन सूर झोके घेतल्यासारखे, आणि एकदम तुटलेली. थोडं थांबून पुन्हा तेच, पुन्हा तिथंच तुटलेलं. पाखरू असतं तर भरकटलं असतं, रोज नवीन काढलं असतं. हे ठरलेलं होतं. आणि ते अर्ध्यावर थांबत होतं, जसं कोणीतरी आपला अर्धा भाग म्हणून पुढच्या अर्ध्यासाठी कान देऊन उभं आहे.

पहाटेमागून पहाट तेच. मग इंदुबाई घर बघायला लागली, म्हणजे जसं तिला बघता यायचं तसं. जवल्याचा डबा हलका होत होता. सुकवलेला जवला, ती बारीक कोळंबी, दोघींना वर्षभर पुरतो. हा पौषातच अर्ध्याखाली गेला होता. कोणाला खाऊ घालते ही? मंजुळेच्या लुगड्याला गुडघ्याशी हिरवं शेवाळ. पाण्याला गेलेली बाई गुडघ्यांवर बसते कशाला? कपडे धुवायच्या दगडापाशी मुठ्यांच्या मोडक्या नांग्या, ताज्या. पावसाळ्यात आपण चिखलातून पकडतो ते हे खेकडे. थंडीत ते बिळात खोल जातात. ते उकरून काढायचे म्हणजे बाईचा वेळ जातो, आणि एवढा वेळ बाई कोणासाठीतरीच काढते.

शेवंती ओटीवरून म्हणाली, की तुमची सून हल्ली पाण्याला फार लवकर जाते. इंदुबाई म्हणाली, ओहोळ आटतोय. शेवंती म्हणाली, आमच्याकडे तर वाहतोय. इंदुबाईनं दार लावून घेतलं. घरातला संशय घरातच राहायला हवा होता, शेजारणीनं त्यात हात घालायला ती काही सामायिक विहीर नव्हती.

एका पहाटे ती पाठोपाठ गेली. गुडघे कुरकुरत होते म्हणून दोन्ही हातांनी कुंपण धरत. मोरीच्या तोंडाशी काळोख होता आणि पाण्यावर धुक्याचा थर. मंजुळा धुवायच्या दगडावर गुडघे टेकून बसलेली, एक हात पुढे. हसत होती. सासूनं तिला असं हसताना घरात पाहिलं नव्हतं. मोरीच्या आतून शीळ आली, अगदी जवळून, हळू, कानात सांगितल्यासारखी. इंदुबाईच्या पायाखालचा दगड सरकला. आत काहीतरी फडफडलं, घोंगडी झटकावी तसं, आणि शांत झालं.

"कोन होता?"

मंजुळेनं हात पदरात ओढला. "कोन न्हाय, आत्या."

"मी आईकलं."

"पाखरू आसंल."

"थंडीत?" इंदुबाई म्हणाली. "हे तू मना सांगतंस? मना?"

मंजुळेनं हंडा उचलला आणि सासूच्या बाजूनं वाट काढत वर गेली. एवढं होऊन तिच्या हंड्यातलं पाणी हिंदकळलं नाही, हे इंदुबाईनं लक्षात ठेवलं. ज्याला सवय असते त्याचाच हात असा स्थिर राहतो.

माणूस कोण, हे ठरवायला तिला वेळ लागला नाही. मोरीपलीकडे ताडपत्रीच्या खोपीत विठू राहायचा. रत्नागिरीकडचा, खडीच्या खाणीवर सुरुंगाच्या कामाला. एकटा, गुणी दिसणारा, म्हणून जास्तच संशयास्पद. इंदुबाई दुपारी दोन भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी घेऊन त्याच्याकडे गेली. विठूनं भाकरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ही बाई कोणाला काही देत नाही, हे रस्त्याच्या पलीकडेही माहीत होतं. त्यानं भाकरी घेतली, पण खाल्ली नाही.

इंदुबाईनं खाणीची चौकशी केली, रत्नागिरीच्या आईची चौकशी केली, लग्न कधी करणार विचारलं. विठू एका शब्दात उत्तरं देत गेला आणि भाकरी हातातल्या हातात फिरवत राहिला. शेवटी ती म्हणाली, "शीळ घालून दाखव."

"काय?"

"शीळ. तुमच्याकडं घालत न्हाय काय मानसं?"

विठूनं आधी रस्त्याकडे पाहिलं, कोणी ऐकत नाही ना म्हणून. लढाई थांबली होती, धास्ती गेली नव्हती. शीळ घाल म्हणणारी बाई पाटलाचं माणूस असू शकत होती. मग त्यानं वरचा ओठ बोटानं उचलला. पुढचे दोन दात नव्हते, शेजारचा तिसरा अर्धा.

"सुरुंगाचा दगड बसला, मावशे. गणपतीच्या आदी. आता नुसता वारा जातो." त्यानं फुंकून दाखवलं. भाकरीवरचं पीठ तेवढं उडालं.

इंदुबाईनं भाकऱ्या परत घेतल्या नाहीत, हीच तिची माफी. पण घरी येताना तिच्या मनात आलं, की विठू नाही म्हणजे ज्याचं नावही माहीत नाही असा कोणीतरी, आणि ते जास्त वाईट. तिनं डोंगरीकडे जाणाऱ्या एका माणसाकरवी मंजुळेच्या बापाला, बाबाजीला, निरोप धाडला: माघातल्या अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी या, लेकीला घेऊन जावं लागेल. बांध तोवर पुरा होणार होता आणि त्या अष्टमीला धर्मा येणार, असं कळलं होतं. मुलाला रात्री सांगायचं, सकाळी बाप हजर. मधे रडारडीला जागा नको.

मंजुळेला ते कळलं. तिनं ट्रंकेतून लग्नातलं लुगडं काढलं, घडी घालून परत ठेवलं. तरी पहाटेचं जाणं सोडलं नाही. आता तर सासूच्या समोरून, जवल्याची मूठ पदरात बांधून जायची.

धर्मा संध्याकाळी आला. मिठानं पायांना भेगा, खांद्यावर पिशवी. मंजुळेनं पाय धुवायला कोमट पाणी दिलं. इंदुबाईनं त्याला पहिला घास घेऊ दिला, दुसराही घेऊ दिला. मग म्हणाली, "थंडीत शीळ येते."

धर्माचा हात ताटातच राहिला. बापाचं त्याला सगळं आठवत होतं. "घळीतनं? परत भट्टी लागली काय?"

"मोरीतनं. तुजी बायको पान्याला गेली का येते. ती आली का बंद."

तिनं जवला सांगितला, शेवाळ सांगितलं, पुढे केलेला हात सांगितला. हसणं सांगितलं. ते सांगताना तिचा आवाज थोडा अडखळला, हे मंजुळेचं म्हणणं; इंदुबाई म्हणते, घशात बोंबलाचा काटा होता.

धर्मा बायकोकडे वळला. ती चुलीपाशी बसली होती, अर्धा चेहरा उजेडात, अर्धा नाही. तो काय विचारतो याची ती वाट बघत होती. दुसरं काहीही विचारलं असतं तर तिनं सगळं सांगितलं असतं, असं ती अजून म्हणते.

"कोन हाय तो?" धर्मानं विचारलं.

आईचाच प्रश्न, आईच्याच सुरात. मंजुळेनं लाकूड पुढे सारलं. "फाटे उठा आनि आईका," ती म्हणाली. मग विस्तवावर राख ओढली.

पहाटे इंदुबाईला उठवायला लागलं नाही, ती झोपलीच नव्हती. धर्मा दाराशी उभा राहिला, हातात कोयता. मंजुळा हंडा घेऊन त्याच्या पुढ्यातून गेली, कोयत्याकडे न बघता. परसात धुकं होतं. तिघं एकामागोमाग ओहोळापर्यंत गेली. मंजुळा दगडावर गुडघे टेकून बसली आणि पदराची गाठ सोडली.

शीळ आली. खालून वर, दोन झोके, आणि तुटली.

धर्मा हलला नाही. पुन्हा आली. इंदुबाईनं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, राग कुठवर चढलाय ते बघायला. तिथं राग नव्हता. त्यानं कोयता गवतावर ठेवला, सावकाश, आवाज होऊ न देता. शीळ तिसऱ्यांदा येऊन तुटली, आणि तुटली तिथून धर्मानं ओठांनी पुढची उचलली. झोक्यावरून खाली उतरणारी, लांबट, शेवटी जमिनीवर पाय टेकावेत तशी थांबणारी. अर्ध्याला अर्धं चिकटलं आणि ती एक पुरती चाल झाली.

मोरीतून एक काळा पक्षी दगडावर आला. मान तिरकी करून धर्माकडे बघितलं, मग मंजुळेच्या तळव्यावरचा जवला टिपायला लागला. उजाडत होतं. त्याच्या खांद्यावर निळं चमकून गेलं.

इंदुबाई पक्ष्याकडे बघतच नव्हती. ती मुलाच्या ओठांकडे बघत होती. ज्या तोंडात तिनं भाताचा पहिला घास घातला होता त्यातून असा आवाज निघतो, हे तिला आज कळत होतं. "तू शीळ घालतंस?" ती म्हणाली.

धर्मा आईपुढे कधी इतका ओशाळला नव्हता. मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. श्रावणात मोरीत पाणी चढलं, शीळवाल्याचं घरटं वाहून गेलं, एक पिल्लू काठाला लागलं. आई तारोडीला. मंजुळेनं ते टोपलीत घालून गोठ्याच्या माळ्यावर ठेवलं, गांडुळं आणि मुठ्याचं मांस भरवलं. धर्मा शेजारी बसून शीळ घालायचा, आगरावर फावडं ओढताना मनातल्या मनात घोळवलेली चाल. लग्नानंतर पहिल्यांदा घर दोघांचंच होतं. दीड महिना त्यानं मनसोक्त शीळ घातली. फक्त एवढं म्हणाला होता, की आयशीला कळू देऊ नको, बापाची आठवण येईल तिला. मंजुळेनं शब्द दिला. आश्विनात पिल्लू उडून गेलं, तोवर त्याला 'क्रीं' पलीकडे काही येत नव्हतं. धर्मा आगरावर गेल्यावर ते परत आलं, आणि थंडी पडल्यावर एका पहाटे बोललं.

रानातलं पिल्लू पहिल्या थंडीत असंच पुटपुटत शिकतं म्हणतात. बाप पावसात गायलेला असतो, ते कानात राहिलेलं असतं, ते हळूहळू जुळवून बघतं. याच्या कानात धर्मा राहिला होता. तोही अर्धाच.

"सांगाला काय झालं व्हतं?" इंदुबाई सुनेला म्हणाली.

"शब्द दिलाता."

"घर सोडाची येळ आली तरी?"

मंजुळेनं तळहात झटकला. उत्तर तिनं सासूला दिलं नाही, नवऱ्याकडे बघून दिलं. "तुमच्या आयसला मी परकी. तिचं मना काय वाटत न्हाय. पन तुमी एका रातीत कोयता घेतलात."

धर्मानं गवतातला कोयता पायानं मागे सारला. पक्षी पाणी उडवत मोरीत गेला.

ऊन वर यायच्या आत बाबाजी दारात उभा. डोंगरीहून पहिल्या गाडीनं भाईंदर, तिथून मिळेल त्या ट्रकनं. चेहरा असा, की लेक चोर ठरली की मेली, एवढंच त्याला विचारायचं होतं. इंदुबाईनं आजवर बोललेला शब्द कधी मागे घेतला नव्हता. ती पुढे झाली, हातात तोच पितळेचा तांब्या. "म्हटलं व्याही लय दिसांत आले न्हाय," ती म्हणाली. "जेवून जावा."

बाबाजी पाणी प्यायला. लेकीला घेऊन जा असा निरोप पाठवून जेवायला बसवणारी विहीण त्यानं पाहिली नव्हती. तो प्रत्येक घासाआधी भात उलटा करून बघत होता. जेवण झाल्यावर मंजुळा आतून आली, हातात ट्रंक. बाप आलाच आहे तर चार दिवस माहेरी जाऊन येते, म्हणाली. धर्मा उठला, परत बसला. चार दिवस म्हणजे किती, हे विचारायची हिंमत एकाचीही झाली नाही. उंबऱ्यावरून वळून तिनं सासूला सांगितलं, "त्याला फाटे जवला घाला. हात हलवू नका, भितो."

दुसऱ्या दिवशी धर्मा आगरावर गेला. इंदुबाई एकटी राहिली.

तिनं एक पहाट जाऊ दिली. पाखरू आहे, रानात पोट भरेल. दुसऱ्या पहाटे शीळ आली, तुटली, आली, तुटली. तिनं गोधडी डोक्यावरून घेतली. तिसऱ्या पहाटे डब्यातून मूठभर जवला काढला, पदरात बांधला, दार न वाजवता उघडलं आणि शेवंतीच्या ओटीकडे बघून घेतलं. कुंपण धरत धरत ओहोळावर गेली. गुडघे टेकताना तोंडातून आवाज निघाला तर पक्षी आत पळाला. ती हात पुढे करून बसून राहिली. हाताला रग लागली. धुकं विरलं, तरी तो आला नाही. त्याचाही तिच्यावर विश्वास नव्हता, आणि यात त्याचं काही चुकत होतं असं तिला वाटलं नाही.

पुढे तो यायला लागला. आधी दगडाच्या टोकापर्यंत, मग तिनं ठेवलेल्या जवल्यापर्यंत, मग एकदा बोटांपर्यंत. शीळ मात्र अर्धीच घालायचा आणि मान तिरकी करून तिच्याकडे बघायचा. बघून बघून एका पहाटे तिनं इकडेतिकडे पाहिलं, ओठ चंबू केले आणि फुंकलं. विठूसारखा नुसता वारा निघाला. तिनं पुन्हा फुंकलं.

"इंदुवयनी?" मागून शेवंतीचा आवाज. "कोनाशी बोलताव?"

इंदुबाईनं हात पदरात ओढला. "कोन न्हाय."

शेवंती बराच वेळ मोरीच्या काळोखात डोकावत राहिली. दुपारपर्यंत गावात झालं, की सून माहेरी गेली आणि सासू पहाटे मोरीवर जाते. इंदुबाईच्या कानावर ते आलं. ती नाही म्हणाली नाही. तिनं मंजुळेचे ते दिवस मनात फिरवून पाहिले: समोरून रोज जाणारी सून, बांधलेला पदर, न हिंदकळणारा हंडा.

फाल्गुनातल्या भांगाला धर्मा आगरावरून घरी आलाच नाही. तो परस्पर डोंगरीला गेला. तिथं काय बोलणं झालं ते दोघांपैकी कोणी सांगत नाही. एवढं खरं, की शिमग्याच्या आधी मंजुळा ट्रंक घेऊन एकटी आली, धर्मा आगरावर परतल्यानंतर. इंदुबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. आलीस, म्हणाली नाही. बस, म्हणाली नाही. सूप थोडं सरकवलं, दोघींना मावेल इतकी जागा झाली.

मंजुळा बसली नाही. आधी आत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ती डबा घेऊनच बाहेर आली आणि सासूच्या समोर उभी राहिली. तळाला चिमूटभर चुरा होता.

"आत्या, येवढा जवला येकट्या पाखरानं खाल्ला?"

इंदुबाईनं सुपातला खडा उचलून अंगणात टाकला.

"मना काय ठाव," ती म्हणाली. "मी काय बघाला जाते?"